एक्क्याण्णवावा दिवस

रबाळे एमआयडीसी. गेटवरचा प्लॉट नंबर अर्धा पुसलेला.
आत एक वजनकाटा, एक टाकी, एक दाबयंत्र,
आणि बारकू मढवी, ज्याचा आजा
पारसिकच्या पायथ्याशी खाडीत बुडी मारून
बादलीने रेती काढायचा.
आता रेती डोंगर भरडून येते.
बारकू तरी चिमूटभर जिभेवर ठेवतो,
"खारी नाय," म्हणतो,
जणू कुणी विचारलंय.

मी वहीत लिहिते : एकास तीन.
एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, पाणी थेंबाच्या हिशेबाने.
मग सिमेंटातून दहा टक्के काढते, तिथे राख.
मग वीस. मग तीस.
वीजघराच्या धुरातून पकडून आणलेली राख,
इतकी बारीक की पोत्याचं तोंड सोडलं
तरी आधी आपल्याच भुवयांवर बसते.
दुसऱ्या पोत्यात तळोज्याच्या ओतकामाची जळकी वाळू,
वासाने घसा धरणारी.
तिचे ठोकळे वेगळे, तिची वहीही वेगळी.
ज्याने टाकून दिलं त्याने ट्रक मोजले,
आम्ही ग्रॅम मोजतो.

सात सेंटिमीटर आणि वर एक केस, एवढा ठोकळा.
दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा,
कपाळावर मार्करने नाव घालायचं : रा-१०, रा-२०, रा-३०,
आणि सत्तावीस अंशाच्या पाण्यात सोडून यायचं,
हात पुसत, मागे न बघता.

तिसऱ्या दिवशी नुसत्या सिमेंटाने एकोणतीस पेलले.
रा-३० सोळावर बसला.
आवाजही नाही, नुसती कड सुटली,
शिळ्या भाकरीसारखी.

अठ्ठाविसाव्या दिवशी धनावडे स्वतः आले,
बुटांना घणसोलीच्या साइटचा चिखल.
सिमेंट : चोपन्न. रा-३० : त्रेचाळीस.
"मॅडम, कचरा तो कचराच," ते म्हणाले,
चहा न घेता गेले.
मी सही केली होती. आकडा खरा होता.
खऱ्या आकड्यावर सही करताना
हात असा जड का व्हावा,
त्याचं एकक आमच्या यंत्राला नाही.

सिमेंट घाईचं जेवतं.
पाणी दिसलं की तुटून पडतं
आणि पानात चुना टाकून उठतं.
राख शेवटच्या पंगतीची.
तो उष्टा चुना ती सावकाश चघळत राहते,
त्याचाच डिंक करते,
दिसणार नाहीत अशी भोकं बुजवत बसते
अंधारात, पाण्याखाली, कुणी रिपोर्ट मागत नसताना.

टाकी धुवायला काढली तेव्हा
तळाशी तीन ठोकळे निघाले, शेवाळलेले.
रा-३०. जास्तीचे घातलेले, विसरलेले.
मी तारखा मोजल्या : एक्क्याण्णव.
बारकू म्हणाला, "फोरून बघ ना पोरी, टाकायचंच हाय."

काटा चाळिसावर आला, पन्नासावर आला,
त्रेचाळीस कधी मागे गेला कळलं नाही.
अठ्ठावन्नला मी श्वास धरला.
एकसष्टला तो फुटला,
आणि फुटला तो आवाज करून.
नुसत्या सिमेंटाचा त्याच वयाचा ठोकळा शोधला.
होता एकच. एकोणसाठ.

खोटं कशाला बोलू, मी हट्टाने रा-५० ही घालून पाहिला.
तो नव्वद काय, एकशेवीस दिवसांनीही
धड उभा राहिला नाही.
पंगत मोठी झाली, उष्टं पुरलं नाही.

रजिस्टरमध्ये रकाने तीनच : तीन, सात, अठ्ठावीस.
एकसष्ट मी समासात पेन्सिलीने लिहिलं.
घणसोलीची भिंत तोवर
नुसत्या सिमेंटात सातव्या मजल्यावर गेली होती.

फुटक्या रा-३० चा एक तुकडा
बारकूने लॅबच्या दाराला लावलाय.
दुपारी खाडीकडून वारा सुटतो,
दार हलत नाही.